नानांचा मागचा ब्रेक

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी आठलाच ऊन कानशिलाला लागत होतं. वारा पडलेला. आभाळ कोरं. आज आमच्या नानांची ब्रेकची परीक्षा झाली.

परीक्षेचं शेवटी सांगतो. त्याआधीचे किस्से सांगितल्याशिवाय तिची गंमत कळायची नाही. किस्से साठवायला मी कधी बसलो नाही, ते आपोआप साठत गेले. ठिबक सिंचनाच्या धंद्यात आम्ही चार माणसं रोज मोटारसायकलवरून खेडोपाडी फिरतो, संध्याकाळी पिंपराळ्यातल्या रफिकभाईंच्या गॅरेजवर चहाला थांबतो आणि दिवसभर कोण कुठे पडला ते एकमेकांना सांगतो. मला आधी हवामान आणि मग दिवस लिहून ठेवायची सवय आहे. नाना त्यावरून म्हणतात, "हे भाऊ ढगांची हजेरी घेतात. एखादा ढग गैरहजर राहिला तर त्याचा पगार कापतील!"

नाना म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. रावेर, सावदा, यावल हा केळीचा पट्टा त्यांच्याकडे. तिथली केळीची बाग आणि बागेचा मालक, दोघं त्यांना चालीवरून ओळखतात. घर पिंपराळ्यात, गाव मूळचं पारोळ्याकडचं, त्यामुळे आनंद झाला किंवा राग आला की थेट अहिराणी. गेली तीस वर्षं ते मोटारसायकल चालवतात आणि त्या तीस वर्षांत त्यांनी परवापरवापर्यंत पुढचा ब्रेक लावला नव्हता.

"पुढला ब्रेक दाबा का गाडी उलटस!" हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांना गाडी शिकवणाऱ्या मामांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं आणि मामांचा शब्द नानांनी मोडला नाही. मामा स्वतः सायकलवाले होते, ही गोष्ट वेगळी!

*

एकदा सर्व्हिसिंगला रफिकभाईंनी नानांची दोन्ही चाकं खोलली. मागच्या ब्रेकचे लायनर घासून कागदासारखे झालेले. पुढचे मात्र शोरूममधून आले तसेच्या तसे. रफिकभाईंनी ते हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिले.

"नाना, हे तर बिलकुल कोरे आहेत. कोणासाठी सांभाळून ठेवलेत?"

"नातीना लगनमा देसू!" नाना म्हणाले.

तसा पुढच्या ब्रेकचा नानांना उपयोग होता. त्याच्या दांडीला ते टिफिनची पिशवी अडकवायचे. अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून द्यायच्या, आणि ती पिशवी दांडीला झुलत झुलत रावेरपर्यंत जायची. कोणी म्हणालं, "नाना, अचानक पुढचा ब्रेक लावायची वेळ आली तर?" तर नाना म्हणायचे, "ठेचा सांडेल ना!"

*

नानांचा उजवा पाय चालू गाडीत मागच्या पेडलवरून कधीच उठत नाही. पाय विश्रांतीलाही तिथेच ठेवतात. त्यामुळे घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंत त्यांच्या गाडीचा मागचा लाल दिवा पेटलेलाच असतो.

भुसावळच्या रस्त्यावर एक ट्रकवाला बराच वेळ त्यांच्या मागे होता. दिवा पेटलेला पाहून तो वेग कमी करायचा, नाना थांबायचे नाहीत, तो पुन्हा वेग घ्यायचा. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्यावर त्याचा धीर सुटला. बाजूला येऊन त्याने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडला, "बाबा, थांबताय का चाललाय?"

नानांनी शांतपणे सांगितलं, "अजून ठरलं नाही!"

*

आता प्रकाशचं. आमच्यातला तरुण गडी. नवी गाडी, पुढे डिस्क ब्रेक, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून झालेलं ज्ञान. रोज चहाला नानांना शिकवणार, "नाना, खरी ताकद पुढच्या ब्रेकची. मागचा नुसता सोबतीला." आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर त्याचं खरंच होतं. ब्रेक लागला की गाडीचं सगळं वजन पुढे येतं, पुढचं चाक रस्ता घट्ट धरतं आणि मागचं हलकं होऊन घसरतं. हे मीसुद्धा माझ्या परीने पडताळून पाहिलेलं आहे. गुडघ्यावर खूण आहे.

पण सावद्याजवळ एका केळीच्या बागेत ठिबकची नळी फुटली होती आणि बांधावरच्या काळ्या मातीचा लोण्यासारखा चिखल झाला होता. प्रकाश तिथे ऐटीत गेला आणि ऐटीतच पुढची डिस्क दाबली. पुढचं चाक क्षणात निघून गेलं. गाडी एकीकडे, प्रकाश दुसरीकडे, केळीच्या खांबाला मिठी मारून आडवा.

बागेचे मालक आबा कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी सावकाश विचारलं, "नळी कुठं गळते ते पाहायले आडवं व्हायची काय गरज होती भाऊ? पाणी तं उभ्यानंबी दिसते!"

त्या दिवसापासून प्रकाश चिखलात, खडीवर आणि वळताना हळूच मागचा ब्रेक लावतो. संध्याकाळी नानांनी त्याच्या चहाचे पैसे दिले. चेहरा असा, की जसं मामांचं नाव उजळलं!

*

सुभाष आमच्यात सगळ्यात काटकसरी. पिंपळनेरकडचा भाग त्याच्याकडे. तिकडचा घाट उतरताना तो पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडायचा आणि वरपासून खालपर्यंत मागच्या पेडलवर पाय दाबून धरायचा.

एकदा उतरताना मी त्याच्या मागे होतो, माझ्या गाडीवर. मध्येच करपल्याचा वास यायला लागला. सुभाष मागे वळून ओरडला, "भाऊ, कुणाची तरी शेवभाजी लागली वाटतं!"

"सुभाष," मी ओरडलो, "तुझंच काहीतरी लागलंय!"

तोवर त्याचं पेडल थेट पाताळात गेलं होतं. दाबतोय, पण खाली काही नाही. शेवटच्या वळणानंतर सपाट रान आलं आणि सुभाषने गाडी सरळ एका मक्याच्या कडब्याच्या गंजीत घातली. गंज मऊ होती म्हणून दात शाबूत राहिले. मी जवळ गेलो तेव्हा तो आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी चाकावर ओतत होता आणि चाक चर्र चर्र वाजत होतं.

"पेट्रोल वाचलं का?" मी विचारलं.

"वाचलं," केसातला कडबा काढत तो म्हणाला. "पण आता प्यायला पाणी नाही!"

*

हा किस्सा माझ्या वाट्याचा. माझी गाडी रफिकभाईंकडे होती, म्हणून एकदा नानांच्या मागे बसून धुळ्याला निघालो. नानांच्या मागे मी पहिल्यांदाच बसत होतो. एरवी ती जागा अक्कांची; शेतकरीसुद्धा प्लॉटवर आपापल्या गाडीने यायचे. दोघांचा सावद्याला बहिणीकडे, बाजाराला, लग्नाला, सगळीकडचा प्रवास त्याच गाडीवर.

पारोळ्याच्या पुढे समोर एक केळीने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या मधोमध उभी दिसली. लांबून दिसली, जवळून दिसली, अगदी जवळून दिसली. नाना आपले निवांत. मला वाटलं, बाजूने काढतील. काढेनात! घडातली केळी मोजता येतील इतकी जवळ आली तेव्हा मी घाबरून नानांचा उजवा खांदा गच्च दाबला.

त्याच क्षणी नानांनी ब्रेक मारला. मागचं चाक किंचाळलं आणि गाडी ट्रॉलीच्या हातभर अलीकडे थांबली.

नाना मागे वळून माझ्यावरच चिडले.

"मंग पयलेच दाबाना व्हता ना! मी कव्हळनी तुम्हनी वाट देखी ऱ्हायंतू!"

म्हणजे मी खांदा कधी दाबतो याची ते केव्हापासून वाट बघत होते! तेव्हा उलगडा झाला. तीस वर्षं अक्का मागे बसतात. जिथे थांबायचं, जिथे हळू घ्यायचं, तिथे त्या नानांचा उजवा खांदा दाबतात, आणि नानांचा उजवा पाय खाली जातो. नाना एकटे असले की स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. मागे माणूस बसला की ते काम त्यांनी मागच्याकडे सोपवलेलं असतं!

उरलेल्या रस्त्यात मी धुळ्यापर्यंत हात खांद्यावरून काढला नाही.

*

आता परीक्षा.

कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून पत्र आलं, की फिरतीवरच्या प्रत्येकाची गाडी चालवण्याची चाचणी होईल. जो नापास होईल त्याची फिरती बंद. त्याला धुळ्याच्या गोडाऊनवर बसायचं, तिथली जागा रिकामीच आहे. आमच्या तिघांच्या चाचण्या आधीच झाल्या. राहिले नाना.

नाना दोन दिवस चहा अर्धाच टाकून घरी गेले. तिसऱ्या दिवशी चहा हातात धरून म्हणाले, "गोडाऊनमा बसाडतीन माले. दिवसभर पाइप मोजा, रातले खानावळनी पोळी. केळीना वारा नही, अक्काना ठेचा नही. मी काय करसू तठे?"

त्या दिवशी सुभाषने सगळ्यांना चहा पाजला.

मग पिंपराळ्याच्या मैदानावर नानांची शिकवणी सुरू झाली. पहिल्यांदा टिफिनची पिशवी दांडीवरून काढली. ती काढताना नानांचा चेहरा असा, की घरातलं माणूस परगावी चाललंय! रिकाम्या गाडीला जोरात मागचा ब्रेक मारला, की चाक जाम होऊन गाडी आडवी घसरायची आणि धुळीत अर्धगोल उठायचा. फिरायला आलेले एक पेन्शनर रोज थांबून बघायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "नाना, आजची रांगोळी छान आली!"

प्रकाश सांगायचा, "आधी मागचा हलका, मग पुढचा वाढवत न्यायचा." नाना पुढच्या दांडीला बोटं लावायचे आणि विंचवाला हात लागल्यासारखी काढून घ्यायचे. व्हिडिओ दाखवून झाले, रफिकभाईंनी चाक खोलून समजावून झालं. काही जमेना.

शेवटी अक्का मैदानावर आल्या. थोडा वेळ उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हैसनी धार काढतस ना, तसं दाबा. झटका दिधा का म्हैस लाथ मारस."

नानांनी एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा दांडीकडे. मग गाडी घेऊन लांब गेले, वळले, वेगात आले, चार बोटांनी दांडी धार काढल्यासारखी आवळत नेली, आणि गाडी जागच्या जागी, सरळ, आवाज न करता थांबली.

नानांनी वाकून पुढचं चाक पाहिलं. मग म्हणाले, "मामा खोटं बोली ग्यात! गाडी उलटनीच नही!"

*

आज सकाळी ऑफिसच्या मागच्या आवारात दोन फक्कीच्या रेषा मारलेल्या होत्या. पहिल्या रेषेपर्यंत वेग कमी करायचा नाही, दुसरीच्या आत थांबायचं. दुसऱ्या रेषेच्या थोडं पलीकडे ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यांचा डोंगर. चाचणी घेणारे साहेब सडपातळ, सभ्य, हातात कागद लावलेली पाटी. आम्ही सगळे, रफिकभाईसुद्धा, भिंतीच्या सावलीत. अक्काही आल्या होत्या, पदराखाली टिफिन धरून.

पहिली फेरी एकट्याची. नाना आले, धार काढली, थांबले. दुसऱ्या रेषेच्या चांगलं अलीकडे. प्रकाशने शिट्टी मारली. आम्ही सुटलो असं समजून सुभाष चहा सांगायलाही निघाला.

साहेब म्हणाले, "छान. आता दुसरी फेरी, ही नवीनच सुरू झालीय. तुम्ही लोक शेतकऱ्यांना मागे बसवून प्लॉटवर नेता ना? तेव्हा मागे माणूस घेऊन."

अक्कांनी टिफिन माझ्या हातात दिला आणि पुढे झाल्या. "मी बसस."

"नाही नाही, तुम्ही नको," साहेब नम्रपणे म्हणाले. "कंपनीचाच माणूस लागतो. मीच बसतो." आणि पाटी सावरत ते मागच्या सीटवर बसले.

गाडी आवाराच्या टोकाला गेली आणि वळली, तेव्हा मला पारोळ्याची ट्रॉली आठवली. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांना तर खांद्याची गोष्ट माझ्या आधीच आठवली होती.

नाना निघाले. वेग आला. पाठ ताठ, नजर समोर, चेहरा निवांत. मागे साहेब एका हाताने सीटमागचा दांडा धरून मान खाली घालून पाटीवर काहीतरी लिहीत होते. पहिली रेषा आली. पहिली रेषा गेली. गाडीचा वेग तोच!

"नाना!" प्रकाश ओरडला.

"ब्रेक!" रफिकभाई ओरडले.

नाना वाट बघत होते.

अक्का पदर खोचून दोन पावलं पुढे धावल्या आणि सगळं आवार दणाणेल अशा आवाजात ओरडल्या, "ओ साहेब! त्यासना खांदा दाबा! उजवा खांदा!"

साहेबांनी मान वर केली. समोर नळ्यांचा डोंगर पाहिला. पाटी हवेत गेली आणि त्यांनी दोन्ही हातांनी नानांचा उजवा खांदा आवळला.

नानांचा पाय खाली गेला, चार बोटं आवळत गेली, आणि गाडी सरळ रेषेत, आवाज न करता थांबली.

नाना मागे वळले.

"साहेब, पयलेच दाबाना व्हता ना!"

पुढचं चाक दुसऱ्या रेषेच्या चार बोटं अलीकडे होतं. नाना दोन्ही फेऱ्यांत पास. रावेरचा पट्टा त्यांच्याकडेच राहिला.