मिरचीचा पगार

मंगरूळपीरच्या बाजारात भगवंतरावांचं दुकान म्हणजे एक गावच होतं. लुगड्यापासून कंदिलापर्यंत सगळं तिथं मिळे. उधारी तेवढी मिळत नसे. सन चौतीसच्या सुमारास तिथल्या नोकरमाणसांचे पगार वाटायचं काम शालिकरामकडे होतं. शालिकराम माळ्याचा पोरगा. अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची, आवाज मात्र बापाच्या पेरूबागेतले पोपट हाकलून कमावलेला. भर उन्हाळ्यात तो काळा कोट घाली आणि घाम पुसत म्हणे, "पगाराचं काम हाय, मजाक नाही."

पगार अमावास्येला होई. शालिकराम दुकानाच्या पायरीवरून एकेकाचं नाव पुकारी, तो तो पुढे येऊन पैसे घेई. मागच्या अंगणात मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायकांची नावं मात्र कधी पुकारली जात नसत. परक्या बाईचं नाव भर बाजारात घ्यायचं नाही, अशी रीत. त्यांचा पगार त्यांचे नवरे उचलत.

एका अमावास्येला सकाळीच सोजरबाईनं शालिकरामला अंगणात गाठलं.

"भाऊ, मी इथं खोकून राह्यली, अन् माहा नवरा माह्या पैशानं झुंजीचे तितर पोसून राह्यला. माहा पगार माह्या हातात दे."

दुपारी जगदेव, म्हणजे तोच तितरवाला नवरा, मिशीला पीळ देत पायरीशी आला आणि त्यानं हात पुढे केला.

"पयले डोये चोय बरं," शालिकराम म्हणाला.

"काहून?"

"चोय तं!"

जगदेवनं डोळे चोळले.

"पाह्य, टिपूसबी नाही आलं. म्हंजे मिरची तू खुडली नाही. पगार खुडणाऱ्याले भेटते."

"मी तिचा नवरा हावो!"

"मंग नवरेपणाचा पगार घरी माग. इथं ते काम निंगत नाही."

बाजार हसला. भगवंतराव गादीवरून गरजले, "शालिकराम, कायले झंजट करतं? दे त्याले. नाहीतं उद्यापासून वांगे वीक!"

शालिकरामनं तिजोरीची किल्ली काढून गादीवर ठेवली. "उद्यापासून वांगे. आज पगार मीच वाटतो." आणि पोपट उडवायच्या आवाजात त्यानं हाक दिली, "सोजरबाईऽऽ!"

दर्ग्याकडे निघालेला टांगासुद्धा थांबला. सोजरबाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं सगळ्यांदेखत पैसे घेतले. जगदेवनं ते हिसकायला तिचे दोन्ही हात धरले, झटापट केली, हरला आणि त्याच हातानं त्यानं तोंडावरचा घाम पुसला. दुसऱ्या क्षणी तो पायरीवर बसून ढसाढसा रडत होता.

"आता आलं पाणी," शालिकराम म्हणाला. "पन पगार वाटून झाला, बाप्पा."

दुसऱ्या दिवसापासून तो खरंच वांगी विकायला बसला, कोट घालूनच. त्याच्या जागी मदनसिंग आला. माणूस सज्जन, पण बायकांची नावं घ्यायची म्हटलं की त्याला घाम फुटे. पुढच्या अमावास्येला एकही बाई नाव पुकारल्याशिवाय जागची हलेना आणि नवऱ्यांनाही पैसे उचलू देईना. मग त्यांनी खुडणंच बंद केलं. मिरच्यांचा ढीग दुकानाच्या दारापर्यंत आला. गिऱ्हाईकं शिंकत परत जाऊ लागली. अखेर भगवंतरावांनी वांग्यांच्या दुकानी निरोप धाडला.

उलटा निरोप आला, "मले पायरीवरून पुकारा. नावानं."

भगवंतराव पायरीवर आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "शालिकराम."

समोरच्या वांग्यांच्या पाटीमागून आवाज आला, "आयकू नाही आलं, मालक!"