माझ्या बफरची बाटली

मी आयुष्यात एकच शोध लावला. तो खोटा निघाला, एवढी बाब सोडली तर उत्तम शोध होता.

आमच्या बेंगळुरूतल्या प्रयोगशाळेचं काम काय, तर निसर्गाला फुकटात जमतं ते महागड्या यंत्रांनी करून दाखवायचं. पेशीतली एन्झाइमं डीएनए कापतात. आम्ही जस्ताचा अणू घ्यायचा, त्याच्यावर सेंद्रिय रेणूची झूल चढवायची आणि म्हणायचं, काप बाबा. माझ्या संयुगानं कापलं. जेलच्या थरातून वीज सोडली की पीळ असलेला अख्खा डीएनए पुढे पळतो, कापलेला सैल पडून मागे रेंगाळतो. माझा आज्ञाधारकपणे रेंगाळला. शोधनिबंध छापून आला. मल्लेश्वरमातल्या मराठी मंडळींनी गणपतीत मला शाल पांघरवली. कशाबद्दल, असं कुणी विचारलं असतं तर 'कॅन्सरवरचं काहीतरी' म्हणाले असते. मीही दुरुस्ती केली नसती.

मग निपाणीची एक मुलगी माझ्याकडे पीएचडीला आली. तेच संयुग पुढे न्यायचं होतं. पाच महिने झाले, तिच्याकडून डीएनए कापला जाईना.

"सर, परत नाही झालं की ओ."

"हात बसावा लागतो. भाकरी थापतेस ना? तसंच."

"भाकरी येते की सर. हेच येईना."

सगळे हसले. मी विनोदी म्हणून प्रसिद्ध होतो.

माझा हात बसलेला होता, म्हणजे मी ग्लोव्हज घालत नसे. ते नवशिक्यांसाठी. कँटीनमध्ये चौचौ बाथ खायचा, नावापुरते हात धुवायचे, पिपेटची टिप बोटांनी दाबून बसवायची आणि माझ्या खास बफरच्या, म्हणजे ज्या द्रावणात प्रयोग करायचा त्याच्या, बाटलीत बुडवायची. त्या बाटलीला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही, असा दंडक होता. बाटली सोवळ्यात, आणि ओवळा एकटा मी.

एका सकाळी ती जेलचा फोटो घेऊन केबिनमध्ये आली.

"रागावू नका हां सर. तुमच्या बाटलीला हात लावला. ग्लोव्हज घालून."

"मग?"

"संयुग घातलंच नाही. नुसतं तुमचं बफर आणि डीएनए. तरी कापलंय बघा. जस्त काय करत नाही सर, बाटलीच कापतीय."

मला क्षणात कळलं. माणसाच्या घामात डीएनए कापणारं एन्झाइम असतं, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवतो. आणि निबंधासाठी, संयुगाविना ठेवायचा तुलनेचा नमुना मी सगळ्यांच्या वापरातल्या बफरमध्ये केला होता. संयुगाचा मात्र माझ्या बाटलीतल्या बफरमध्ये. कृत्रिम एन्झाइम म्हणून जगाला दाखवलं ते माझ्याच बोटांचं, अगदी अस्सल, आईवडिलांकडून आलेलं.

मी म्हणालो, "बाटली तूच खराब केलीस."

"मी?"

तिच्या प्रगती अहवालात मी लिहिलं, 'हातात नेमकेपणा नाही.' समितीनं मान डोलावली. ती पीएचडी सोडून महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रयोगांचे आकडे तपासायला गेली. बाटली मी सिंकमध्ये ओतली आणि साबणानं हात धुतले. ग्लोव्हजही तेव्हापासून घालतो. सुधारणा झाली नाही असं कुणी म्हणू नये.

सहा वर्षं तोंड मिटून बसलो. गेल्या महिन्यात परदेशातून एका संशोधकानं ईमेलवर विचारलं, तुमचं संयुग आमच्याकडे कापत नाही, काय चुकत असेल? मी टाइप केलं, 'हात बसावा लागतो.' आणि ते काही माझ्याच्यानं पाठववेना. त्याऐवजी निबंध मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं आणि आधी तिला फोन करून कळवलं.

"पुरावा काय देणार सर? बाटली तर ओतलात. मी बघितलंय."

"तो फोटो आहे तुझ्याकडे?"

"आहे की. पण 'नमुना दूषित झाला' असं मोघम लिहाल तर देणार नाही. कुणाच्या हातानं ते लिहा. आणि अहवालातलं माझ्यावरचं ते वाक्य पण काढा."

मसुदा उघडला. नेमकं तेच मोघम वाक्य तिथे बसलेलं. ते खोडून 'माझ्या उघड्या हातांमुळे' असं लिहिलं. अहवालाबद्दल संस्थेला वेगळं पत्र केलं. दोन्ही तिला पाठवली.

दोन दिवसांनी फोटो आला, पुढून आणि मागून. मागे बारीक अक्षरात तिनं त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं: सरांची बाटली. संयुग नाही. ग्लोव्हज घातले. तीन वेळा केलं.