भयमुक्त वर्गाचं दार

खोतबाई रोज सकाळी वर्गाच्या दाराला वीट लावायच्या. दार भिंतीला टेकेपर्यंत उघडायचं, वीट पायानं सरकवायची, मग हजेरी. मंगळवार पेठेतल्या त्या शाळेत या विटेची फार थट्टा झाली.

"बाई, बांधकाम कुठवर आलंय?" मुख्याध्यापक गणपतराव जाता-येता विचारायचे.

"पाया झालाय सर. भिंती व्हायच्यात."

अक्काताई खोत मूळच्या जयसिंगपूरच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि दोन्ही हळू आवाजात. कोल्हापुरात हा गुन्हाच. इथं मायासुद्धा ओरडून करतात. फार पूर्वी, नोकरीत नव्या असताना, त्यांनीही एकदा इतरांसारखं डस्टर टेबलावर आपटून पाहिलं. पहिल्या रांगेतला मल्लेश बाकाखाली शिरला, तो शाळा सुटली तरी बाहेर येईना. त्यानंतर बाईंचं डस्टर फक्त फळा पुसायला उरलं. बाकीच्या वर्गांत शिस्त उत्तम होती. पोरं इतकी गप्प, की पाल चुकचुकलेली ऐकू यायची.

२००५च्या पुरात नाल्याकाठची घरं पाण्यात गेली. बाईंच्या तिसरीतल्या प्रेरणाच्या घराचं लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसलं. आत ती आणि तिची आई. शेजाऱ्यांनी पहारीनं दार फोडलं तेव्हा पाणी पोरीच्या गळ्याशी आलं होतं. शाळा पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी वर्गाचं दार वाऱ्यानं धाडकन लागलं. प्रेरणा किंचाळत राहिली. दार उघडल्यावरही.

दुसऱ्या दिवशी तिची आई म्हणाली, "बाई, परत एकदा असं झालं तर न्हाय पाठवणार बघा. अडाणी ऱ्हाईल, पर जित्ती ऱ्हाईल."

त्या दिवशी वीट आली.

त्याच सुमाराला वरून आदेश आला, शाळा भयमुक्त करा. शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. तज्ज्ञ माईकवर ओरडत होते, "मुलांशी हळू बोला! ए मागचे, झोपताय काय?" गणपतराव भारावून परतले. प्रार्थनेच्या वेळी छडी काखेत धरून त्यांनी विचारलं, "शाळेत कुणाला भ्या वाटतंय? वाटत असंल त्यानं हात वर करा!" एकही हात वर झाला नाही. शाळा भयमुक्त झाल्याचं त्यांनी वर कळवून टाकलं.

मग तपासणी ठरली. गणपतरावांनी पेंटर बोलावून तिसरीच्या दारावर, बाहेरच्या बाजूनं, लाल अक्षरांत लिहून घेतलं: 'भयमुक्त वर्ग'. अडचण एवढीच होती, की दार उघडं असलं की बाहेरून ते वाचता येत नव्हतं.

"तपासणीला दार लावायचं, बाई. अक्षरं दिसाय नकोत व्हय?"

"प्रेरणा घाबरंल सर. तिची आई शाळा बंद करंल तिची."

"अवो, दारावर भयमुक्त लिवलंय की! घाबरंलच कशी?"

बाई वर्गाकडे वळल्या.

साहेब आले तेव्हा दार लावलेलं होतं. वीट दिसत नव्हती. साहेबांनी अक्षरं वाचली, मान डोलावली, दारासमोर फोटो झाला. गणपतरावांनी दार ढकललं. आत बाकं तेवढी होती. पोरं मागच्या पटांगणात लिंबाखाली पाढे म्हणत होती. त्यांच्या अंगावर ऊन-सावली हलत होती आणि सगळ्यांत वरचा सूर प्रेरणाचा होता.

"ह्ये काय, बाई?"

"वर्ग भयमुक्तच हाय की, सर," बाई म्हणाल्या. "आत कोण न्हाय."

साहेब हसले, म्हणून गणपतरावही हसले. साहेबांची जीप वळल्यावर मात्र थांबले. बाईंना नोटीस मिळाली, शाळेला प्रमाणपत्र. प्रमाणपत्र ऑफिसात लागलं, छडीच्या खिळ्याशेजारी.

वीट परत आली. पण आता बाई ती जरा जरा पुढं सरकवू लागल्या, म्हणजे दार जरा जरा लोटलं जाई. प्रत्येक वेळी प्रेरणाला विचारून.

"एवढं चालंल?"

"चालंल."

कधी ती "न्हाय" म्हणायची. मग वीट मागं.

वार्षिक परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी रस्त्यानं लग्नाचा बँड चालला होता. बाई काय सांगतात ते कुणाला ऐकू येईना. प्रेरणा उठली, वीट दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली, दार लावलं आणि जागेवर येऊन बसली. बाईंनी पुढचा प्रश्न सांगितला.

बाईंच्या निरोप समारंभात गणपतराव 'हळू आवाजाचं महत्त्व' या विषयावर माईकशिवाय बोलले. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

पुढं बाई आजारी पडल्या. त्या गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी प्रेरणा त्यांना घरी भेटायला आली होती. आता ती आठवीत होती. बाईंना दार उघडंच लागतं, अशी तिची समजूत. निघताना तिनं ते तसंच सताड उघडं ठेवलं आणि चपला घातल्या. आतून हळू आवाज आला,

"अगं, दार ओढून घे की. डास येत्यात."