आता ओ ऐका

गिटारवाल्याचं नाव घ्यायच्या आधी ते उजव्या कानाच्या पाळीला हात लावायचे. आपल्याकडे गाणारे-वाजवणारे आपल्या उस्तादांचं नाव घेताना लावतात ना, तसा. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित खाली. तुम्हाला वाटावं, आता कुठल्या तरी मोठ्या घराण्याचं नाव येणार. आणि मग यायचं ते एका गोऱ्या साहेबाचं, ज्याने सदऱ्याची बटणं कधी लावली नाहीत, केस कधी विंचरले नाहीत आणि जो रंगात आला की चांगली गिटार जमिनीवर आपटायचा.

त्या साहेबाचं आणि त्याच्या बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिण्याइतकं माझं त्यांच्यावर प्रेम नाही. त्या काळात कानाला हात मीही लावायचे, पण तो वेगळ्या अर्थाने.

हे आमचे वरचे काका. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे, म्हणून वरचे. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, तिथून निवृत्त झाले आणि रसिक झाले. माणसं निवृत्तीनंतर बाग करतात, देवळात जातात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. यांनी दर रविवारी सकाळी आपल्या हॉलमध्ये त्या बँडचे जुने कार्यक्रम टीव्हीवर दाखवायला सुरुवात केली. गंगापूर रोडला मिसळ खायची, तर्रीचे ढेकर देत वर यायचं, दाराशी चपलांचा ढीग घालायचा आणि भर सकाळी पडदे ओढून अंधारात बसायचं. याला ते 'बैठक' म्हणायचे. बैठकीला डॉक्टर आणि त्यांची बायको, बँकेतले एक मॅनेजर, आमचे हे, आणि यांच्यामुळे मी. खाली बसले तरी सगळं छतातून ऐकू यायचंच, मग निदान काकूंच्या हातचा चहा तरी मिळावा, एवढाच माझा स्वार्थ.

"वहिनी, हे रेकॉर्डिंग नाही बरं का," ते मला दर वेळी बजावायचे. "हे लाइव्ह आहे. लाइव्ह!"

पन्नास वर्षांपूर्वीचा कार्यक्रम, त्यातले निम्मे वाजवणारे देवाघरी गेलेले, आणि म्हणे लाइव्ह. पण बोलायची सोय नव्हती. तिथे सगळ्यांचे चेहरे असे, की शंका काढणाऱ्याला देवळात चप्पल घालून आल्यासारखं वाटावं.

शिवाय काका गाणं सलग ऐकू देतील तर शपथ. जरा कुठे वाद्यं लागली, जरा पाय हलायला लागला, की रिमोट वर जायचा. "थांबा!" आपण थांबलेलेच असायचो, थांबायचा तो बिचारा टीव्ही. गायक तोंड उघडं टाकून पडद्यावर गोठलेला, त्याची पडजीभ दिसतेय, आणि काका उभे राहून सांगताहेत, "घाम बघा. त्या ड्रमवाल्याचा घाम बघा. हल्ली कुठल्या कलावंताला घाम येतो?" मग मॅनेजर मान हलवायचे. डॉक्टर म्हणायचे, "आत्मा आहे हो, आत्मा!" डॉक्टर दातांचे. आत्म्याशी त्यांचा संबंध भूल न दिलेला पेशंट ओरडतो तेवढाच.

काका मांडीवर ताल धरायचे आणि मध्येच हवेत हात उडवून म्हणायचे, "क्या बात है! समेवर आला!" ती सम त्या बँडला ठाऊक होती की नाही, देव जाणे. पण काकांनी हात उडवला की आमचे हेही उडवायचे. यांना तालाचं इतकं अंग, की आरतीला टाळ वाजवायला दिला तर शेजारी घेऊन ठेवतात.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ते एक गाणं. ते नेहमी शेवटी असायचं. स्टेजवर पांढऱ्या धुराचे लोट सोडलेले, त्यात गायक जेमतेम दिसतो. वाद्यं थांबतात. आणि तो मान मागे टाकून लांबच लांब हाक घालतो, "आऽऽऽय!" मग क्षणभर काहीच नाही. मग धुरातून कुठून तरी गिटार येते, एकच लांब सूर.

"हाक ऐकलीत?" काका हळूच म्हणायचे. "तो आईला हाक मारतोय. आता ओ ऐका."

या ठिकाणी मात्र ते टीव्ही थांबवायचे नाहीत. चष्मा काढायचे आणि बसून राहायचे. डॉक्टरांच्या बायकोची पर्स उघडायची, रुमाल निघायचा. मॅनेजर नाक ओढायचे. स्वतःच्या आईचा फोन आला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणून कापणारे आमचे हे डोळे पुसायचे. मला ते बघवायचं नाही. मी कप गोळा करून काकूंकडे आत जायचे.

काकांनी त्या व्हिडिओखाली मराठीत कॉमेंटही लिहिली होती. जगभरच्या लोकांच्या इंग्रजी कौतुकात ही एकच मराठी: "आईला मारलेली हाक आणि गिटारने दिलेली ओ. डोळे पाणावले. एक रसिक, नाशिक." कोणा परदेशी माणसाने तिला अंगठा दिला, तर काका जिन्यात भेटेल त्याला मोबाईल काढून तो अंगठा दाखवत होते. 'नाशिक' या शब्दावर बोट ठेवायचे. "आम्ही मूळचे नाशिकचेच ना, पंचवटीतले," हेही न विचारता सांगायचे. भाषा अगदी तासून ठेवलेली. 'आहे'ला 'आहे', 'नाही'ला 'नाही', एक अक्षर इकडचं तिकडे नाही. कारखान्यात मोठ्या साहेबांपुढे उभं राहताना कमावलेली असणार.

मग एका रविवारी डॉक्टरांचे जावई आले. परदेशात नोकरी, सुट्टीवर आलेले, असले कार्यक्रम म्हणे समोर उभं राहून पाहिलेले. मंडळींनी त्यांना सोफ्याच्या मधोमध बसवलं. तिथे एरवी काका बसायचे. जावईबापूंनी मिसळीला नावं ठेवली, स्पीकरना नावं ठेवली, आणि शेवटचं गाणं लागल्यावर रिमोट मागून घेतला.

"काका, शब्द लावू का खाली? जास्त मजा येते."

काका म्हणाले, "लावा की."

शब्द उमटायला लागले. सगळे पुढे सरकून वाचू लागले, कारण इतकी वर्षं रडलो खरं, पण साहेब म्हणतो काय हे कोणालाच कळलेलं नव्हतं. काकांचं इंग्रजी कारखान्यापुरतं. बाकीच्यांचं बरं, पण वापरायची वेळ आली नव्हती. धूर आला. वाद्यं थांबली. गायकाने मान मागे टाकली आणि हाक घातली. आणि खाली, काळ्या पट्टीवर, एकच अक्षर आलं. इंग्रजी आय. खराट्याची काडी उभी करून ठेवावी तसं.

"मी," जावई म्हणाले. "तो 'मी' म्हणतोय. पुढचं वाक्य नंतर येतं. का हो, काय झालं?"

डॉक्टरांनी सांगितलं काय झालं ते. कॉमेंटसकट सांगितलं. जावई सोफ्यावर मागे रेलून हसले. "आयला, काका! आईला हाक?" त्यांनी 'आयला' म्हटलं, तेव्हा त्यात कोणाची आई कोणाला दिसली नाही. मग मॅनेजर हसले. डॉक्टरांची बायको तोंडाला रुमाल लावून हसली, तोच रुमाल. आमचे हे सगळ्यांत मोठ्यांदा हसले. मला त्या माणसाची इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही, आणि संसार काही कालचा नाही.

काका चष्मा हातात धरून उभे होते. मला वाटलं, आता नेहमीसारखं काही तरी ठोकून देतील. घराण्याचं, आत्म्याचं.

"असंल," ते म्हणाले. "आमच्याकडं आईला आयच म्हणत्यात."

"कुठे, पंचवटीत?" मॅनेजरांनी विचारलं.

"न्हाय. इगतपुरीकडं. भाताची खाचरं हायेत आमची. पावसाळ्यात धुकं आसं, की हात नाय दिसायचा हाताला. आय पुढं गेलेली आसायची. मंग बांधावर हुबं राहून वरडायचं, आऽऽय. आन् ती धुक्यातून ओ द्यायची. त्या ओच्या मागं मागं चालायचं." त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "एक डाव हाक मारली, आन् ओ नाय आली. लय वरडलो."

टीव्हीवर गाणं संपून कसली तरी जाहिरात सुरू झाली होती. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात तशाच उभ्या.

तुम्हाला वाटेल, आता तरी कोणी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असेल. आत्मा-आत्मा करणारी माणसं होती ना ती? डॉक्टरांनी घसा साफ केला. "ते ठीक आहे हो काका. पण ती कॉमेंट तेवढी काढून टाका. जगभर लोक बघतात. उगाच नाशिकचं हसं होतं."

"बघतो," काका म्हणाले. तेवढ्यात त्यांची भाषा पुन्हा जाग्यावर आली होती.

पुढच्या रविवारपासून बैठक डॉक्टरांकडे गेली. तिथे मोठा पडदा, जावयांनी निवडून दिलेले स्पीकर, आणि खाली शब्द. आमचे हे सुरुवातीला एक-दोन वेळा गेले आणि म्हणाले, साउंड एकदम क्लास आहे. रडतात का हो तिथे, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, आता कळतं ना काय म्हणतो ते, रडायचं कशाला.

वर काका दुपारी एकटे लावायचे. आवाज बारीक. मी खाली तांदूळ निवडत असले की छतातून तेवढीच एक जागा परत परत ऐकू यायची. ही टोळी मला कधीच आवडली नव्हती, आणि काकाही त्या टोळीचेच म्होरके. तो कानाचा हात, ती सम, ते पंचवटीचं खोटं, सगळं माझ्या डोक्यात जायचं. पण त्या दुपारी मी पंखा बंद करायचे, एवढं खरं. पंख्याच्या घरघरीत नीट ऐकू येत नसे.

गेल्या थंडीत काका गेले. बैठकीच्या ग्रुपवर सगळ्यांनी जोडलेले हात चिकटवले. मॅनेजरांनी लिहिलं, "खरा रसिक हरपला." डॉक्टरांनी त्याच गाण्याचा व्हिडिओ टाकला, शब्दांसकट.

मी आमच्या यांचा मोबाईल घेतला आणि व्हिडिओखाली काकांची कॉमेंट शोधत बसले. त्यांनी ती काढली असणार, असंच मला वाटत होतं. भिडस्त माणूस, चार शिकलेल्यांनी सांगितलेलं. बोट दुखेपर्यंत इंग्रजी कौतुक वर सरकवलं, तेव्हा कुठे सापडली. काढली नव्हती. पण नंतर बदलल्याची बारीक खूण तिच्यापुढे होती. नाशिकचं हसं होऊ नये, याची त्यांनी पुरती काळजी घेतली होती. आता तिथे लिहिलं होतं: "आय म्हणून हाक मारली आणि ओ आली. एक रसिक, इगतपुरी."

हे मागून डोकावून म्हणाले, "अजून आहे का ती? काकूंना सांगून काढायला हवी."

"हात लावून बघा," मी म्हटलं.

मग मी खालचे शब्द बंद केले आणि गाणं त्या जागेवर नेलं. मला ते गाणं आजही आवडत नाही. धूर आला, वाद्यं थांबली, त्या गायकाने मान मागे टाकली आणि तो आय म्हणाला. चांगलं स्पष्ट, आयच म्हणाला. हे पुढे काही बोलायला लागले, तर मी हात वर केला.

"थांबा," मी म्हटलं. "ओ येऊ दे."