सिलिंडरवाला गिदोन

आमच्या घरी ऑक्सिजनचं सिलिंडर पहिल्यांदा आलं ते १९७३ च्या श्रावणात, आणि त्याच दिवशी सगळ्या सोनई गावाने ठरवून टाकलं की सूर्यभान आता जातो. तेव्हा नाकात नळी म्हणजे शेवटची घटका, एवढंच लोकांना ठाऊक. दोन बायका तर डोळ्याला पदर लावूनच दारात आल्या. सूर्यभान म्हणजे माझे सासरे. खाटेवर बसून ते त्यांच्याकडे असे बघत होते की मला हसू आवरेना.

मामंजींनी तीस वर्षं गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे जाळ घातला होता. उसाच्या पाचटाच्या धुराने छाती पार निकामी झालेली. घरातून मोरीपर्यंत गेले तरी भिंतीला धरून उभे राहायचे. आमच्या दारापासून रस्ता चाळीस पावलांवर. पण वर्षभरात त्यांनी तो पाहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास ऑक्सिजन घरीच द्या.

ते काळं, पांढऱ्या खांद्याचं, माझ्या हनुवटीपर्यंत येणारं धूड घेऊन आला तो गिदोन भिंगारदिवे. नगरच्या एका छोट्या मिशन दवाखान्यात कामाला होता. दर पंधरवड्याला दुधाच्या गाडीतून भरलेलं सिलिंडर आणायचा, रिकामं न्यायचा. बारीक अंगाचा, पन्नाशीचा, खाकी विजार, आणि उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "लहानपनी चुलीत पडलो, ताई."

आल्याबरोबर तो आधी साबण मागायचा. कोपरापर्यंत हात धुवायचा, स्वतःच्या पिशवीतल्या कोऱ्या फडक्याला पुसायचा, मग सिलिंडरच्या चावीला हात. मला त्याचा राग यायचा. आमचं घर काय इतकं घाण आहे? "सिलिंडरला तेलकट हात लावायचा न्हाई," हे त्याने दोनदा बजावलं होतं, पण का ते सांगितलं नाही. मी मनात म्हटलं, याचं सोवळं माझ्या सासूपेक्षा कडक दिसतंय.

पण मामंजींचा त्याच्यावर जीव जडला. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे यायला लागले की गिदोन नळी आधी स्वतःच्या गालाशी धरून बघायचा, मग त्यांच्या नाकाशी लावायचा आणि विचारायचा, "बाबा, आज किती पावलं?" पहिल्यांदा सहा होती. भाद्रपदात चौदा झाली. मामंजी मोठ्या दिमाखात आकडा सांगायचे, जणू कुस्ती मारली. मला खरंच वाटायला लागलं होतं की हा माणूस मामंजींना पुन्हा रस्ता दाखवणार.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड धुऊन, तेल लावून पूजेला मांडतात. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, विहिरीवरचं इंजिनसुद्धा. माणसाचा श्वास चालवणारं लोखंड तेवढं कसं सोडायचं? मी सिलिंडर पुसलं, चावी घट्ट फिरत होती म्हणून तिच्या बुडाशी करडईचं तेल सोडलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि समोर निरांजन ठेवलं. मोठी हुशारी केली होती मी!

मामंजी नेहमीच्या वेळी खाटेवर बसले. आमचे हे, म्हणजे सहादेव, चावी फिरवायला वाकले, आणि तेवढ्यात गिदोन दारात आला. एरवी बाहेर बूट काढून विचारून आत येणारा माणूस बुटांसकट आत धावला. ह्यांना ढकललं, तांब्यातलं पाणी निरांजनावर ओतलं आणि सिलिंडरला मिठी मारून उभा राहिला. दिवा विझला. पाणी देवाच्या पाटापर्यंत गेलं.

ह्यांचा पारा चढला. "आमच्या देवाचा दिवा इझवतोस? सणाच्या दिवशी? उचल तुझं नळकांडं आन नीघ!"

"सहादेवराव, तेल हाय तिथं. ह्या हवेत तेल आपसूक पेटतं, भडका उडला असता."

"इंजिनाला रोज तेल घालतो मी! आजवर न्हाई भडकलं. कोन शिकवतो मला?"

मी घाबरून भिंतीला टेकले. तेल मीच लावलेलं. मामंजींना धाप लागली होती. सिलिंडर गेलं तर ते किती दिवस काढतील, एवढंच माझ्या डोक्यात. ह्यांनी खरोखरच सिलिंडरला हात घातला होता.

गिदोनने उजवा हात पुढे केला. "ह्यो बघा. चुलीत न्हाई भाजला. म्या खोटं सांगत आलो." त्याचा आवाज फार बारीक झाला. "अकरा वर्सं झाली. दवाखान्यात चावी घट्ट हुती. म्या खोबरेल लावलं, तुमच्यावानीच. चावी फिरवली आन हात पेटला. साहेबानं इचारलं, तेल कुनी लावलं? म्या म्हनलो, कृपादाननं. आमी दोघंच हुतो तिथं. त्याची नोकरी गेली, माझी ऱ्हायली."

हे त्याच्या हाताकडे बघत होते. मला तर रडूच फुटलं, आणि रडतरडतच मी सांगून टाकलं की तेल माझ्या हातचं आहे, त्याला काही बोलू नका.

मामंजी थांबून थांबून म्हणाले, "हे... तुझ्या साहेबाला... सांगितलंस?"

गिदोनने मान हलवली. नाही.

"मग आमाला... सांगून... काय उपेग?"

गिदोनने गाडीतून नवं सिलिंडर आणून जोडलं, मला साबणाने हात धुवायला लावले आणि चावी फिरवायला शिकवली. तेल लागलेलं गाडीतून परत नेलं. जाताना पावलं विचारायचंही विसरला.

पंधरा दिवसांनी दुधाच्या गाडीतून दुसराच माणूस उतरला. उंच, केस पिकलेला. सिलिंडर आत आणलं आणि साबण मागितला. मामंजींनी नळी लावून घ्यायलाच नकार दिला. "गिदोन कुठं हाय?"

"मी कृपादान," तो म्हणाला. "गिदोन साहेबाकडं गेल्ता. समदं कबूल केलं, मग मला हुडकत राहुरीला आला. साहेबांनी मला कामावर घेतलं. त्याला काढनारच हुते."

"मग?"

"म्या म्हनलो, ऱ्हाऊ द्या, माझ्या हाताखाली ऱ्हाऊ द्या. त्याच्याइतकी ह्या कामाची म्हायती मला तरी कुठं हाय?" कृपादानने दाराबाहेर बोट दाखवलं. "आलाय की. गाडीत बसलाय. आत यायला लाजतो."

मी म्हटलं, मी बोलावून आणते. मामंजींनी हाताने मला थांबवलं. खाटेवरून उठले, दाराची चौकट धरली आणि अंगणात उतरले. हे मागे धावले तर त्यांनाही झिडकारलं. दहा पावलांवर थांबले. वीस पावलांवर कडब्याच्या गंजीला टेकले, आणि ती शीळ घालणारी छाती मला घरातून ऐकू येत होती. मी तोंडाला पदर लावून मोजत होते. तिसाव्या पावलाला वाटलं, संपलं. पण ते पुन्हा चालू लागले.

गाडीत गिदोन खाली मान घालून बसला होता. मामंजींनी फळीवर थाप मारली. त्याने वर पाहिलं आणि उडीच मारली खाली.

मामंजींना बोलायला पुष्कळ वेळ लागला. मग त्यांनी त्याचा तो उजवा हात धरला आणि म्हणाले, "आज इचारत न्हाईस व्हय रं, किती पावलं?"