मिलिंदने दाखवलेला भाग

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी जर्मनीत, डार्मश्टाटच्या स्टेशनबाहेर ट्रामची वाट पाहत होते. फोन त्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचा होता. मिलिंद कामावर पोचला नव्हता, घरमालकाने दार उघडलं, आणि... याला आता सात आठवडे झाले. त्याचे आई-बाबा पुण्याला परतून तेव्हा जेमतेम आठ दिवस झाले होते, आणि हृदयाच्या डॉक्टरांकडची टर्मीन, म्हणजे तपासणीची ठरलेली वेळ, सहा दिवसांवर होती. ती मीच घेतली होती, म्हणून हे आकडे पक्के आहेत.

खरं तर ती दुसरी टर्मीन. जिना चढताना छातीत दुखतं हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. मी लगेच तारीख मिळवली, ती त्याने परस्पर रद्द केली. "ताई, ते पहिल्यांदाच येतायत. तीन महिन्यांचा व्हिसा, त्यात दवाखाना दाखवू त्यांना? परत गेले की बघू. आणि आईला एक शब्द बोलायचा नाही, शपथ आहे तुला." मी नवी तारीख घेतली, वहीत लिहिली आणि गप्प बसले.

आई-बाबा इथे असताना एका रविवारी दुपारी त्याने त्यांना आणि मला त्याच्या लाडक्या जपानी मालिकेतला एक भाग दाखवला. पाच निन्जा, पाच रंगांचे पोशाख, रबरी राक्षस. एरवी सगळा पोरखेळ. पण हा एक भाग वेगळा आहे, असं तो वर्षानुवर्षं सांगायचा. लाल निन्जाला सुरुवातीलाच वार लागतो आणि तो कोणाला सांगत नाही. पोशाखच लाल, त्यामुळे रक्त दिसत नाही. तो तसाच लढतो, उड्या मारतो, सोबत्यांची थट्टा करतो. फक्त त्याचा डावा हात हळूहळू खाली येत जातो... संगीत थांबतं, आणि मुखवट्याआडचा श्वास तेवढा ऐकू येतो.

काका पेंगत होते. काकूंची नजर मात्र हलली नाही.

"अरे, याच्या घरी कोणी नाही का?"

"आई, तो निन्जा आहे."

"असू दे. निन्जाला आई नसते? आणि बाकीची चौघं काय झोपलीत?"

मिलिंद खदखदून हसला. "त्या पिवळीला माहितीये. पण ती सांगणार नाही."

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र पुढची दहा मिनिटं त्या पिवळ्या पोशाखातल्या मुलीकडेच पाहत होते. तिला सांगायला तीनदा संधी मिळते. मी मोजल्या.

गेल्या आठवड्यात काकूंनी फोनवर सरळच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो, काकू."

मग त्या म्हणाल्या, "आम्ही तीन महिने तिथेच होतो गं. इतकं फिरवलं त्याने, एक दिवस दवाखान्यात गेलो असतो."

काल त्याचं घर आवरायला गेले होते. फ्रिजवर त्याने आई-बाबांच्या मुक्कामाचा तक्ता चिकटवला होता, बारीक, तिरप्या अक्षरातला. हायडेलबर्गचा किल्ला. ऱ्हाईनवरची बोट. बाबांना आराम, आईबरोबर बाजार. असे नव्वद चौकोन. मी उभ्यानेच सगळे वाचले. एकही रिकामा नव्हता.