दोरीवरचा नंबर

वाचायला मी शाळेत कमी आणि मामाने आणलेल्या पत्रकांवर जास्त शिकले. निजामाच्या राज्यात ती पत्रकं आम्ही कणगीत लपवत असू. एकात म्हटलं होतं की आधी जिभेवरची गुलामी टाका. मी लगेच वही केली आणि घरातले इंग्रजी शब्द लिहून एकेक खोडू लागले.

‘नंबर’ काही निघेना. वडील शेतालाच नंबर म्हणत, “नदीकडच्या नंबरात तूर टाकली.” मास्तर वर्गात नंबर काढत, आत्याच्या चष्म्याला नंबर होता. आणि शिरड शहापूरला आमच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या चाचांकडे सुईला नंबर, दोऱ्याला नंबर, शिवायला टाकलेल्या कापडालाही नंबर. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ओसरीत एक दोरी बांधलेली असे. जो येईल त्याने आपलं गाठोडं दोरीच्या शेवटी अडकवायचं. चाचा खिडकीकडच्या टोकापासून एकेक काढत.

“चाचा, नंबर नका म्हणू. क्रमांक म्हणा.”

“म्हनतो की बेटी. पण क्रमांकाची सुई मागितली तं हिंगोलीचा दुकानदार मला दवाखान्यात धाडीन.”

ताईला पहिल्यांदा सासरी न्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी येणार होती. कंट्रोलच्या दुकानातलं कापड उशिरा मिळालं, म्हणून तिच्या चोळ्यांचं गाठोडं सातवं लागलं. मी ते अडकवत होते तेवढ्यात महसुलाच्या गिरदावर साहेबांचा शिपाई आला आणि शेरवानीचं कापड थेट खिडकीकडे टांगलं.

“साहेबांचं हाय. आधी घ्या.”

चाचांचा पाय मशीनवर थांबला. ओसरीवर बसलेले लोक आपापल्या गाठोड्यांकडे बघू लागले. माझं डोकं तापलं.

“नंबर म्हणजे नंबर! मागं लावा.”

“कोनाची गं पोरगी तू?”

“पोरगी बराबर बोलली,” म्हणत चाचा उठले आणि शेरवानी आमच्या गाठोड्यामागे अडकवली. शिपाई पुटपुटत गेला.

मग चाचा माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, “आज पाचच व्हतील बेटी. तुझं उद्या दुपारी.”

दुपारी ताई सासरच्या वाटेवर असणार, जुन्याच चोळीत. आणि आत्ताच मी सगळ्यांसमोर ओरडले होते. मी खाली मान घालून उभी राहिले. पुढे घ्या, असं आता कोणत्या तोंडाने म्हणणार?

दोरीवर दुसऱ्या नंबरचं गाठोडं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं होतं. आजोबा भिंतीला टेकून सगळं ऐकत होते.

“काहून तोंड पाडलं? माझा नंबर घे.”

“आणि तुमचं, आजोबा?”

“तुझ्या जागी. लेकरू सासरी चाललंय. माझी बंडी मागच्या दिवाळीला बी फाटकीच व्हती.”

“पण हे चालतं का, चाचा?”

“मधी घुसनं न्हाई चालत. आपला नंबर देऊन मागं जानं कोन अडवीन?” चाचांनी दोन्ही गाठोडी सोडली आणि एकमेकांच्या जागी बांधली. “आता तुझा क्रमांक आला बघ!” ओसरी हसली. मीही हसले.

सकाळी ताई हिरवी चोळी घालून बैलगाडीत बसली. गाडी वळणाआड गेली तशी मी चाचांकडे गेले. दुपारी आजोबांच्या बंडीच्या गुंड्या मी लावल्या, चाळीस नंबरच्या दोऱ्याने. शेरवानी अजून दोरीवर लोंबत होती.